सलीमभाईंची दुर्बीण आणि भाभींची कसम

घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात एक ड्रॉवर असतोच. लोक घड्याळ टाकून जातात आणि न्यायला येत नाहीत, त्या घड्याळांचा. रिसोडच्या बसस्टँडजवळ सलीमभाईंचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर घर. तिथल्या आमच्या अवकाशवेड्या कंपूच्या गोष्टी अशाच साचत चालल्यात. कुणी न्यायला येत नाही, म्हणून आज मीच ड्रॉवर उपसतो. तुम्ही बसा निवांत!

कंपू म्हणजे जेमतेम चौघं. सलीमभाई स्वतः. गजूभाऊ, मार्केटात सोयाबीनचे अडते, घरी शेतीही. पाथरकर सर, शाळेत विज्ञान शिकवणारे. आणि शेजारचा मेडिकलवाला मी. दुपारी चारला गिऱ्हाईक ओसरलं की एका मोबाइलवर चार डोकी वाकतात. जगात कुठंही रॉकेट उडो, आरडाओरडा आमच्या दुकानात!

*

चंद्रावर आपलं यान उतरलं त्या संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गजूभाऊंनी नारळ आणला होता. सर उतरण्याचे टप्पे समजावून सांगत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. यान टेकलं आणि काय गलका झाला म्हणता! लोक सलीमभाईंशीच हात मिळवायला लागले, जणू हेच उतरले तिथं. सलीमभाईंचे डोळे भरून आले.

तेवढ्यात गर्दीतून एक आजोबा पुढं सरकले. आम्हाला वाटलं, हेही अभिनंदन करणार.

"सलीमभाई, ते यान दीड महिन्यात चंद्रावर पोचलं. माहं घड्याळ आठ महिने झाले, या टेबलावरून माह्या मनगटावर काहून नाई पोचून राह्यलं?"

*

आता मुख्य भानगड. सलीमभाईंच्या डोक्यात शिरलं की आपली स्वतःची दुर्बीण पाहिजे. विकत घेतली असती तर सलीमभाई कसले! आरसा स्वतः घासणार म्हणाले. काचेच्या दोन जाड चकत्या, मधे पाणी आणि खरखरीत पावडर, आणि घासत बसायचं. अकरा महिने! तेही कुठं, तर स्वयंपाकाच्या ओट्यावर. कारण काय, तर त्याची उंची बरोबर होती.

रुखसानाभाभींनी खूप सोसलं. रोट्या दाताखाली करकरायला लागल्या तरी त्या गप्प राहिल्या. पण शेवटच्या पॉलिशला राळ वितळवायची होती आणि त्याला मोठं भांडं लागत होतं. सलीमभाईंनी माळ्यावरून सगळ्यात मोठं पातेलं काढलं. भाभींचं माहेरचं, खास शीरखुर्म्याचं! राळ एकदा बसली की बसली. ईद चार दिवसांवर.

भाभींचा आवाज माझ्या मेडिकलपर्यंत आला. "या पातेल्याची कसम! तुमच्या त्या नळ्याले मी मरेपर्यंत डोळा नाई लावनार!"

आणि नाहीच लावला. साऱ्या गल्लीनं गच्चीवरच्या त्या दुर्बिणीतून चंद्र पाहिला. पोस्टमन पाहून गेला, दूधवाला पाहून गेला. भाभी गच्चीवर यायच्या, दोरीवरचे वाळलेले कपडे काढायच्या, दुर्बिणीला वळसा घालून खाली जायच्या. सलीमभाई वरवर हसायचे, पण मी शेजारी आहे, मला कळतं ना! गावभर वाहवा झाली, आणि याला हवी होती ती एकाच माणसाची.

*

रॉकेटचा खालचा भाग वर जाऊन परत येतो आणि जिथून उडाला तिथंच अलगद उतरतो, तो व्हिडिओ सरांनी आणला. चार वेळा दाखवला. आम्ही चारही वेळा टाळ्या वाजवल्या. गजूभाऊ तेवढे हाताची घडी घालून बसलेले.

"काय झालं गजूभाऊ, पटलं नाही का?"

"ह्याच्यात नवीन काय हाये ते सांगा. माही म्हैस रोज सकाळी जाते, संध्याकाळी बरोबर आपल्या खुंट्यापाशी येऊन उभी राह्यते. कम्प्युटर नाई, काई नाई. तिच्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या आजलोक?"

सरांनी मोबाइल खिशात ठेवला.

*

पण याच गजूभाऊंची जिरली कशी, तेही ऐका. एकदा व्हॉट्सॲपवर मेसेज फिरला की गुरुवारी मोठा लघुग्रह पृथ्वीवर आदळणार. खाली एका शास्त्रज्ञाचा फोटो. सर म्हणाले, अफवा आहे. सलीमभाई म्हणाले, अफवा आहे. मीही सांगितलं, बाबा, अफवा आहे!

गजूभाऊ हसले. "मी का येडा हावो?" म्हणाले. आणि बुधवारी घरातलं सगळं सोयाबीन विकून मोकळे झाले. जग बुडणारच असेल तर माल घरात कशाला ठेवायचा!

गुरुवार आला तसा गेला. शुक्रवारी सोयाबीनचा भाव चढला. शनिवारीही चढला. गजूभाऊ दोन दिवस दुकानाकडं फिरकले नाहीत. सोमवारी आले, स्टूल ओढून बसले. आम्ही तोंड दाबून गप्प.

शेवटी स्वतःच म्हणाले, "लघुग्रह पृथ्वीले चुकला. मलेच लागला ना बापा!"

*

धनजचे एक पाहुणे आले होते, सरांच्या नात्यातले. मुलगी एमएस्सी, नोकरीला, सगळं उत्तम. पण पत्रिकेत मंगळ! जमलेली स्थळं ऐनवेळी मोडायची. बोलता बोलता सलीमभाई म्हणाले, मंगळ सध्या दिवेलागणीला दिसतो, दाखवू का?

पाहुणे गच्चीवर आले. आधी टोपी काढली, मग डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. मग मागं होऊन नुसत्या डोळ्यांनी आभाळात पाहिलं, पुन्हा दुर्बिणीत पाहिलं.

"हाच का तो?"

"हाच."

"एवढासा?" त्यांचा आवाज चढला. "आँ? ह्याच्यापायी माह्या पोरीची चार स्थळं गेली?"

टोपी डोक्यावर घालून ते तरातरा जिना उतरले. सर मागून चहासाठी हाका मारत होते, पण कुठले थांबतात! स्थळं जुळवणाऱ्या मध्यस्थाला गाठायचं म्हणून तशीच एसटी धरली.

*

रमजानच्या एकोणतिसाव्या रोज्याला ईदचा चंद्र कुठं दिसेल, याचं सलीमभाईंनी आठवडाभर आधी गणित मांडलं होतं. चंद्र अमुक वाजता, पश्चिमेला, त्या मोबाइल टॉवरच्या डावीकडं. गच्चीवर सगळी गल्ली जमलेली. आणि ऐनवेळी दुर्बिणीचा एक पेच ढिला! सलीमभाई पान्हा शोधतायत, मी टॉर्च धरतोय, सर उगाच सूचना देतायत.

भाभी कठड्यापाशी, दुर्बिणीकडं पाठ करून उभ्या.

"तो काय! चाँद मुबारक!"

साऱ्यांच्या माना त्यांच्या बोटाच्या दिशेनं वळल्या. केसाएवढी कोर, टॉवरच्या डावीकडं. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. भाभी जिन्याकडं निघाल्या, जाताजाता नवऱ्यापाशी थबकल्या.

"तुमी पेच आवळा आरामात. माहे डोळे शाबूत हायेत."

*

गेल्या हिवाळ्यात सलीमभाईंनी एक दिवस एकदम सरांना सांगून टाकलं, "दुर्बीण शाळेले घेऊन जा. उद्याच टेम्पो पाठवा."

आम्हाला वाटलं, गंमत करतायत. गजूभाऊ म्हणाले, "काहून जी? एवढं घासलं ते कायले मंग?"

"पोरं तरी पाहातीन. घरात जिची जागा अडवली, तिले नाई पाहायचं. तं मी एकटा किती दिवस पाहू?"

असं म्हणून ते हसले. आम्ही कुणी हसलो नाही.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं त्यांच्या गच्चीवर गेलो, निरोप द्यायला म्हणा हवं तर. दिवस मावळून थोडा वेळ झाला होता. सलीमभाईंनी शनी लावला. एकेकानं पाहिला. कडं कसं स्पष्ट दिसत होतं!

जिन्यात पावलं वाजली. भाभी. दोरीवर एकही कपडा नव्हता.

आल्या, सरळ दुर्बिणीपाशी उभ्या राहिल्या. नवऱ्याकडं बघितलंच नाही.

"दाखवा. उद्या कोनी विचारलं घरातून काय गेलं, तं सांगता आलं पाह्यजे."

सलीमभाईंनी शनी पुन्हा मधोमध आणला, बाजूला झाले. भाभींनी पदर सावरला, वाकल्या, एक डोळा हातानं झाकला.

सलीमभाई त्यांच्या तोंडाकडं पाहात होते, निकाल लागायची वाट पाहावी तसे. खाली रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

आणि एकदम भाभी ओरडल्या, "अहो! चाललं ते! सरकून राह्यलं!"

"ते नाई सरकत," सलीमभाई घाईघाईनं म्हणाले. "ते आपल्या जागी हाये. पृथ्वी फिरून राह्यली ना, आपूनच सरकून राह्यलो."

भाभींनी डोळा काढला नाही.

"मंग थांबवा ना तिले जराशी!"

सरांनी समजावून सांगायला तोंड उघडलं. गजूभाऊंनी त्यांचा दंड असा दाबला की सर कळवळलेच.

सलीमभाईंनी नळ्याला हात लावला आणि तो हळूच शनीच्या मागोमाग सरकवला.

"थांबवतो," म्हणाले.