पहिला घास दादाचा होता

हे आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे. रेवा माझ्या डाव्या हातावर झोपलीय, उजवा अंगठा तेवढा मोकळा आहे, आणि ती उठली की माझं काही खरं नाही. टायपिंगच्या चुका समजून घ्या. मी कोडोलीत आहे, माहेरी, तीन वर्षांनी. काल आणि आज सकाळी घरात जे झालं ते कुणालातरी सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही. तशी झोप साडेनऊ महिने नाहीच म्हणा, रेवाचं वय तेवढंच आहे.

तीन वर्षांपूर्वी निघालो तो दिवस आठवतो. मुंबईला जायची गाडी दारात, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आई कांदा-लसूण चटणीची पिशवी तिसऱ्यांदा बॅगेत कोंबतेय आणि माझा नवरा अमित तिसऱ्यांदा वजनकाटा शोधतोय. त्याला कंपनीनं जर्मनीला बोलावलं होतं. मी नुसती उभी होते. तेवढ्यात दादा आतनं आला, हातात दहीभाताची ताटली. "सकाळधरनं पोटात काय न्हाय तुझ्या. आ कर."

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आई पहाटे धारा काढून डेअरीला दूध घालायची, तिथनं तशीच रानात. मला भरवायचं काम दादाचं. दुधात भाकरी कुस्करायची, माझ्यामागं अंगणभर फिरायचं, शेवटचा घास माझ्या तोंडात कोंबायचा आणि स्वतः उपाशीपोटी शाळेला पळायचं. त्यामुळं सव्वीस वर्षांची घोडी असून मी ड्रायव्हरसमोर आ केला. भात गिळला न गिळला तोच तो म्हणाला, "तुला पोरगं हुईल तवा उष्टावण मी करणार. पहिला घास मामाचा. तिकडं कुणी गोऱ्यानं चारला तर बघ हं, विमानानं येऊन भांडीन."

सगळे हसले. मी म्हटलं, "व्हय रे बाबा, तुझाच."

हे एवढं मी बोलले होते. लक्षात ठेवा.

आम्ही राहतो ते गाव लहान आणि फार शांत आहे. रविवारी मिक्सर लावला तरी मला चोरी केल्यासारखं वाटतं. रेवा झाली तेव्हा ठरलं होतं, सहा महिने झाले की कोडोली, उष्टावण. दादानं चांदीची वाटी आणि चमचा आणला, फोटो पाठवला. आणि ऐनवेळी अमितची सुट्टी पुढं गेली, नवीन मशीन बसत होतं म्हणून. दोन विमानं बदलून एकटीनं पोरीला घेऊन जायचं माझ्यात त्राण नव्हतं. दादा फोनवर म्हणाला, "मग थांबू की. अजून दुधावरच हाय न्हवं?" मी म्हटलं, "व्हय." तेव्हा ते खरं होतं.

पण डॉक्टर म्हणाले, आता वरचं सुरू करा. आणि आमच्या खालच्या मजल्यावरची अय्शे, ती तुर्की आहे, तिलाही रेवाएवढंच पोर, ती मला बुधवारच्या ग्रुपला घेऊन गेली. एक हॉल, लांब टेबल, आणि जगभरच्या दमलेल्या आया. प्रत्येकीनं घरचं जेवण आणलेलं. अय्शेची टोमॅटोतली पांढरी बीन्स, ब्राझीलच्या एकीचा काळा घेवडा आणि भात, कोरियाच्या एकीचं वाफवलेलं टोफू, पोलंडच्या एकीचं बीट, नायजेरियाच्या एकीचा उकडलेला सुरण. सहा-सात महिन्यांची पोरं बाह्या वर करून टेबलाशी बसलेली आणि आपल्या हातानं खातायत! ह्याला तिकडं बेबी लेड वीनिंग म्हणतात. आपण जेवतो तेच द्यायचं, मीठ-तिखट आपलं आपण नंतर घालायचं, बोटाएवढा मऊ तुकडा करायचा, पोराला ताठ बसवायचं, आणि आपण नुसतं शेजारी बसून बघायचं. भरवायचं नाही. हात लावायचा नाही.

हात लावायचा नाही! आमच्यात पोराच्या तोंडात गल्लीतल्या दहा बायकांचा हात असतोय.

दोन बुधवार मी रेवाला मांडीवर घट्ट धरून बसले. तिच्यापुढं काहीच ठेवलं नाही. पहिला घास मामाचा. ती एकेकीच्या तोंडाकडं बघत लाळ गाळत होती आणि मला स्वतःचाच राग येत होता. तिसऱ्या बुधवारी अय्शेनं तिला आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं, आणि मी गालाला हात लावून बसल्या बसल्या डुलकी काढली. डोळे उघडले तर रेवाच्या मुठीत अय्शेच्या ताटातलं रताळं! तोंड केशरी. एकदम ऊक् करून ओकारी आल्यासारखं केलं, मी ताडकन उठले, तर अय्शेनं माझं मनगट धरलं. "थांब. जमतंय तिला." खरंच, रेवानं तुकडा जिभेनं पुढं ढकलला, त्याच्याकडं नीट बघितलं आणि परत तोंडात घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

तिथनंच दादाला फोन करायला पाहिजे होता. नाही केला.

आणि मग थांबवलंही नाही. ह्याला पुस्तकात चांगली चांगली कारणं असतील, माझं कारण साधं होतं, मी दमलेले. वेगळं शिजवायचं, वेगळं वाटायचं, तासभर चमचा घेऊन मागं फिरायचं, तिथं माझ्याजवळ ना दादा ना गल्ली. दोन हात, तेच स्वयंपाकाला, तेच लादीला. असं ताट मधे ठेवलं की ती आपली आपण खायची आणि मलापण गरम जेवण मिळायचं. खुर्चीखालचा भात दिवसातनं तीनदा पुसायला लागायचा, तो पुसायची. ती सगळं खायला लागली. भाकरीच्या पट्ट्या, माझी बिनतिखटाची आमटी, अय्शेची बीन्स. आणि व्हिडिओ कॉल आला की मी आधी तिचं तोंड पुसायची.

एकदा आईनं विचारलंच, "गालाला काय लागलंय गं पोरीच्या?"

"औषध."

"लाल?"

"तिकडं लालच असतंय."

बीट होतं. दादा मागनं ओरडला, "वाटी घासून ठिवलीया सांग तिला!"

असे तीन महिने.

तर काल. पाट मांडला, वहिनीनं खीर केली, रेवाला खणाचं परकर-पोलकं, गल्लीतल्या बायका जमल्या. दादानं रजा टाकलेली, नवा शर्ट घातलेला. तिला मांडीवर घेतलं, चमच्यात खीर घेतली, फुंकली. "आ कर माझी बाय."

रेवानं ओठ मिटले. परत चमचा आला, तिनं मान फिरवली. तिसऱ्यांदा चमचा ढकलूनच दिला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पहिल्यांदा करत्यात पोरं असं." आणि तेवढ्यात रेवा मांडीवरनं वाकली, पाची बोटं वाटीत घातली आणि मूठभर खीर तोंडात. चावली. परत. दादाच्या पँटवर पडलेलं शीत दोन बोटांनी अलगद उचललं आणि तेही खाल्लं, पंगतीला सरावलेल्या पावण्यासारखं.

काकू हसून लोटपोट. "अगं ही तर जेवणात पटाईत हाय की! कुणाला येड्यात काढताय?"

सगळे हसले. दादा नाही. माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "कवापास्नं खातीया?"

मला अजून एक थाप मारता आली असती. "साडेसहा महिन्यांपास्नं."

"म्हंजे मी हितं..." रुमालानं रेवाची बोटं एकेक करून पुसली, तिला माझ्याकडं दिली आणि गोठ्याकडं गेला. जेवायलाही आला नाही. आई भांडी आवरत म्हणाली, "सांगायचं हुतंस. चिडला असता. पर वाट तरी बघत बसला नसता."

मी रेवाचं खिरीनं माखलेलं पोलकं उतरवलं.

आज सकाळी कामावर जायच्या आधी दादा स्वयंपाकघरात खाली जेवायला बसला होता. कागलच्या एमआयडीसीत आहे तो, कंपनीची बस लवकर असते. मी रेवाला घेऊन दारात उभी राहिले. "दादा..."

"बसव तिला."

"हितं?"

"मग कुठं? टेबल कुठं हाय आपल्यात?"

त्याच्या ताटासमोर बसवली. त्यानं ठेचा लांब सरकवला. वहिनीला म्हणाला, "साधी डाळ घाल, बिनतिखटाची." भाकरीचा मधला मऊ भाग तोडला, डाळीत बुडवला, ताटाच्या कडेला ठेवला आणि दोन्ही हात गुडघ्यावर घेऊन बसला. मुठी आवळलेल्या. ज्या माणसानं मला अंगणभर फिरून भरवलं, तो हात आवरून बसलेला, मला बघवेना.

रेवानं तुकडा उचलला, चोखला, चावला. मधेच ऊक् केलं. दादा अर्धा उठला. मी त्याचं मनगट धरलं. "थांब. जमतंय तिला."

जमलं. मग तिनं दुसरा तुकडा घेतला, मुठीत पार चिखल केला, आणि हात लांब करून दादाच्या तोंडाकडं नेला.

"मला?"

त्यानं आ केला. तिनं बोटं पार टाळ्यापर्यंत घातली. दादा कितीतरी वेळ चावत बसला, एवढ्याशा घासाला. मग विचारलं, "हिनं आधी कुणाला चारलंय?"

"न्हाय. मलाबी न्हाय."

"खरं सांगतीस? आता तुझ्यावर इस्वास न्हाय."

"आईशप्पथ."

"मग पहिला घास माझाच की," म्हणाला, हात धुतला, डबा घेतला आणि गेला. माझ्याशी अजून धड बोललेला नाही. पण आत्ता बघितलं, माझ्या बॅगेत, आईनं आत्तापासनंच भरून ठेवलेल्या चटणीच्या पिशवीवर, चांदीची वाटी ठेवलीय. चमचा नाही. नुसती वाटी.

बारा दिवसांनी परत जायचंय. तिथं गेल्यावर बुधवारी ही वाटी टेबलावर ठेवीन, अय्शेची बीन्स त्यातनं खाईल ती. पूर्वी मला वाटायचं, आपल्याला कुणीतरी भरवतं ते घर. आता तिकडंही मला कुणी भरवत नाही आणि इकडंही मी आ करायच्या वयाची राहिले नाही. तरी दादा मुठी आवळून बसला होता ना, त्याच्या ताटासमोरच्या तेवढ्या जागेत मला घरी आल्यासारखं वाटलं.

हालचाल करायला लागली ही. पटकन सांगा, लांब गेलेल्यांनो आणि मागं राहिलेल्यांनो, तुमच्याकडनं असा कुणाचा पहिला घास हुकलाय का? आणि मग तुम्ही सांगितलंत, की माझ्यासारखं तोंड पुसत बसलात?