आधी मेन कॉक बंद करा

'नळवाले काका' हे नाव त्यांना इंटरनेटने दिलं. आमच्या रस्त्यावर ते नुसते प्लंबर, आणि माझ्या हार्डवेअरच्या दुकानातलं सगळ्यात चिकट गिऱ्हाईक. एक वॉशर घ्यायचा तर डबाभर वॉशर चिवडणार. लेकीने लग्नाआधी त्यांच्या फोनवर चॅनल काढून दिलं. म्हणाली, "बाबा, जे दारोदार समजावत बसता, ते एकदाच बोलून टाका." मग ती सासरच्या गावी गेली आणि हे खूळ मागे राहिलं.

तेव्हापासून या माणसाला उसंत नाही. दिवसभर लोकांच्या बेसिनखाली पाठ मोडून घ्यायची आणि मग माझ्या दुकानामागच्या सिंकपाशी येऊन तेच काम पुन्हा करून दाखवायचं. उपडी बादली, तिच्यावर रंगाचा डबा, डब्याला टेकवलेला फोन. फोनला ओला हात लागू नये म्हणून सगळं पाणी तोडणारा मेन कॉक बंद करणं, पाइपातलं उरलंसुरलं पाणी काढून टाकणं, सगळं आधीच उरकून घ्यायचे. मग हात पुसून फोन चालू, घसा खाकरून "नमस्कार मंडळी!" मधेच कुणाचा फोन आला की रेकॉर्डिंग तुटायचं आणि सगळं पहिल्यापासून. त्यामुळे आलेला फोन न बघता कट करणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

जेवताना कॉमेंटना उत्तरं. "काका, आवाज येत नाही." "काका, आमचा नळ प्लास्टिकचा आहे, तो रागावेल का?" असल्या टवाळांनाही हे प्रेमाने उत्तर देणार. काकू एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "ताटात बघा जरा. ती माणसं येणार आहेत का वाढायला?"

मीही सांगून थकलो. "अहो, ही फुकटची फौजदारी कशाला? पाठ धरलीय, डोळे लाल झालेत."

"कळतंय हो," ते म्हणायचे. "पण कुणी विचारलं तर गप्प कसं बसायचं?"

मी आपला खिळे मोजायला लागायचो.

त्या दुपारी ते फ्लशच्या टाकीचा व्हिडिओ करत होते. फोन वाजला, त्यांनी कट केला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पुन्हा वाजला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा स्वतःशीच पुटपुटले, "घरचंच कुणीतरी असणार. यांना वेळेचं भान नाही." व्हिडिओ पुरा केला, माझ्याकडचा चहा घेतला आणि मग फोनमध्ये बघितलं. तिन्ही फोन लेकीचे होते.

हाताला वंगण होतं म्हणून फोन स्पीकरवर लावला. नाइलाजाने मीही ऐकलं.

"आता कशाला केलात?" लेक म्हणाली. "व्हायचं ते होऊन गेलं."

तिच्या भाड्याच्या घरातला नळ गळत होता. बापाचा जुना व्हिडिओ समोर ठेवून तिने नळ खोलला. वरचा भाग हातात आला आणि पाणी थेट छताला. खालच्यांच्या घरात धार लागली, त्यांच्या गाद्या भिजल्या, आणि घरमालक दारात उभा राहून घर रिकामं करा म्हणत होता.

"अगं, पण मेन कॉक बंद नाही केलास?"

"व्हिडिओत कुठे केलाय तुम्ही?"

"तो मी आधीच बंद करतो ना."

"ते तुम्हाला माहीत. मला कसं दिसणार?"

"मग मला विचारायचंस की!"

मग ती म्हणाली, "दोनदा केला ना फोन, बाबा, नळ खोलायच्या आधी. तिसरा केला तेव्हा मेन कॉक कुठे असतो ते विचारायचं होतं."

काका तसेच बादलीवर बसले. मला त्यांचा राग आला होता, पण तोंड बघून तो कुठल्या कुठे गेला.

त्याच संध्याकाळी हत्यारांची पिशवी घेऊन ते लेकीकडे गेले. नळ बसवला, खालच्यांचं छत खरवडून रंगवून दिलं, घरमालकाच्या हातापाया पडले. घर वाचलं. परत आल्यावर मी विचारलं, लेक काय म्हणाली? "काही नाही. दमला असाल म्हणाली, चहा दिला." आणि वॉशरचा डबा ओढून न बघताच एक वॉशर उचलला.

मग त्यांनी सगळे जुने व्हिडिओ काढून टाकले आणि एकेक करून नव्याने करायला घेतले. आता प्रत्येकात पहिल्यांदा मेन कॉक दिसतो. काकांचा हात तो फिरवताना दिसतो, फोनच्या काचेवर पाण्याचे थेंबही दिसतात. त्यानंतर ते एक वाक्य न चुकता बोलतात, "मंडळी, मधे फोन आला तर मी उचलणार आहे. व्हिडिओ तुटेल, सांभाळून घ्या."

"येतो का लेकीचा फोन?" मी एकदा विचारलं.

"येतो ना. घरी हिला येतो."

मी तो चॅनल एरवी बघत नाही, पण परवा गिऱ्हाईक नव्हतं म्हणून उघडला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "काका, तुम्ही दर वेळी उगाच घाबरवता, तुमचा फोन तर कधी वाजतच नाही." शेजारी हसरे चेहरे. वरच्या-खालच्या सगळ्यांना काकांनी उत्तरं दिली आहेत, अगदी इथेही पुन्हा उगवलेल्या त्या प्लास्टिकच्या नळवाल्यालासुद्धा. याला दिलेलं नाही.