अंडी राखणारा मासा

गिरण्यांच्या मोठ्या संपानंतरच्या हिवाळ्यात माझे यजमान मुंबईहून विषमज्वर घेऊन आले. आगरदांड्याला त्यांच्या थोरल्या विधवा बहिणीकडे आम्ही उतरलो. ताप गेला तरी माणूस अंथरूण सोडेना, बोलेना. पेज भरवायची, अंग पुसायचं, कूस बदलायची. मला उभ्या उभ्या झोप येई.

अमावास्येला ओहोटी खूप खाली गेली, तशी वन्संनी मला कालवं काढायला खडकावर नेलं. म्हणाल्या, "घरात बसून तू पन आजारी पडशील."

खडकांच्या मधे गुडघाभर पाण्याचं डबकं उरलं होतं. तळाशी वळ्यावळ्यांचे पोवळ्याचे दगड. त्यांच्या फटींतून बोटभर मासे ये-जा करत होते, पाठ हळदीसारखी पिवळी आणि अंगावर काळे पट्टे. एक तेवढा निळसर काळवंडला होता आणि एका कपारीपुढून हलत नव्हता. मी हात घातला, तर बोटाला टोचा मारला!

"आगो, हात नको घालूस," वन्सं म्हणाल्या. "नर हाय तो. मादी अंडी घालून गेली, हा राखतोय."

कपारीत खसखशीएवढी जांभळट अंडी चिकटली होती. तो पंखांनी त्यांच्यावर पाणी घाली, मेलेलं अंडं तोंडाने काढून टाकी, खेकडा दिसला की धावून जाई. मी तिथेच बसले. कालवं वन्संनीच काढली.

घरी सांगितलं तर यजमानांनी मान वळवली. "मग? सोडून नाही गेला?"

"नाही."

मग ते रोज विचारू लागले. मला उठवत नसे, पण त्यांच्यासाठी पाय ओढत जायची. अंडी करडी झाली, त्यांत बारीक डोळे चमकू लागले.

एका सकाळी कपार रिकामी होती. तो नर पुन्हा पिवळा होऊन दगडावरचं शेवाळ खात होता.

"पिल्लं?" यजमानांनी विचारलं.

"भरतीबरोबर गेली असतील."

"वाचतील?"

"थोडी."

ते कोपरावर रेटून उठून बसले. मग म्हणाले, "पेज मी माझ्या हाताने घेतो. तू पड जरा."

वाटी तोंडाशी नेताना निम्मी पेज चादरीवर सांडली. मी काही उठले नाही.