साखळीनं बांधलेली लॉरी

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास आमच्या घरी लॉरी आली. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. आमचं घर कर्जतहून खोपोलीकडे जाताना, पळसदरीच्या अलीकडे, रस्त्याला लागून. लढाईच्या काळात माझे यजमान पनवेलला एका ठेकेदाराकडे ड्रायव्हर होते. लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्यांतली ही एक त्यांनी तिथूनच घेतली. पुढे दोन माणसं बसतील एवढी जागा, मागे उघडा लाकडी हौदा, आणि एक दार कायम सुतळीनं बांधलेलं. आता अशा गाडीला पिकअप म्हणतात. आम्ही लॉरी म्हणायचो.

गाडी जुनी, पण तिचे टायर चांगले होते आणि भीती त्याचीच होती. टायर तेव्हा परमिटाशिवाय मिळत नसत. शिळफाट्यावर एका भाताच्या व्यापाऱ्याची लॉरी सकाळी पाहतात तर विटांवर उभी, चाकं गायब. हे कळल्यापासून ह्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. संध्याकाळी गाडी चिंचेखाली लावली की आधी बॅटरी काढून घरात आणायची. तिच्यातल्या तेजाबानं माझ्या दोन लुगड्यांना भोकं पडली. मग इंजिनातला रोटर नावाचा बोटभर तुकडा काढून माझ्या हातात द्यायचे. तो नसला की गाडी चालूच होत नाही. मी तो माझ्या ट्रंकेत ठेवायची. शेवटी विहिरीवरची जाड साखळी मागच्या आसातून घेऊन चिंचेच्या बुंध्याला गुंडाळायची आणि कुलूप लावायचं. कुलपाची किल्ली पडवीत खुंटीला असायची. ती लपवावी असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण घरात आम्ही चौघंच होतो. हे, मी, माझे थोरले दीर आणि जाऊबाई.

दिरांची बैलगाडी होती. आसपासच्या गावांतलं भात, गवताचे भारे, सगळं त्यांच्या गाडीतून कर्जत स्टेशनला जायचं. लॉरी आली तशी माणसं ह्यांच्याकडे यायला लागली. हे कुणाला बोलवायला गेले नव्हते, पण आलेल्याला परतही पाठवत नव्हते. सुगीच्या दिवसांत बैल दावणीला उभे राहायचे आणि दीर त्यांना खरारा करत बसायचे. एकदा जाऊबाई चुलीपाशी म्हणाल्या, "बैलांना काम नाय, तर ते मानसासारकेच होतात गं. उगाच बगत राहतात." मी भाकरी थापत राहिले.

थंडीत एका सकाळी मी अंगण झाडायला बाहेर आले तर चिंचेखाली गाडी नव्हती. साखळी बुंध्याशी पडली होती, कुलूप उघडं, किल्ली त्याच्यातच. मी हाक मारली तसे हे धावत आले. दवानं माती मऊ झाली होती, त्यामुळे चाकांच्या खुणा स्वच्छ दिसत होत्या. आणि त्या खुणांच्या मधोमध बैलांचे खूर उमटले होते. गाडी चालू करून नेलेली नव्हती, बैल जुंपून ओढत नेली होती. एका बैलाचा मागचा पाय प्रत्येक पावलाला मातीत घासत गेला होता. आमच्या घरचा तांबडा बैल तसा चालायचा. माझ्या ते ध्यानात आलं, आणि ह्यांच्याही आलं. त्यांनी एकदा गोठ्याकडे पाहिलं. मग वहाणेनं त्या खुणा पुसायला लागले, पार रस्त्याच्या कडेपर्यंत.

मी विचारलं, "अवो, काय करताय?"

"काय नाय. तू आत जा."

तोवर शेजारी जमले, पोलीस पाटील आले. पाटलांना फार विचार करावा लागला नाही. डोंगराच्या पोटाला कातकऱ्यांची वाडी होती. तिथला एकजण कोळशाच्या भट्ट्या लावायचा आणि दर आठवड्याला आमच्या दारात कोळसा आणायचा. तो आदल्या दिवशीच येऊन गेला होता. पाटलांनी माणसं पाठवून त्याला आणवलं. हात कोळशानं काळे, खांद्यावर फाटकं कांबळं. त्याला अंगणात बसवलं.

"गाडी कुटं ठेवलीस रं?"

"मी कशाला नेऊ पाटील? मला गाडी चालवता येतीय का?"

पहिली काठी त्याच्या पाठीवर बसली. दुसरी त्यानं हातावर घेतली. हे पडवीच्या खांबाला टेकून उभे होते, चेहरा पांढरा पडलेला. मी त्यांना माजघरात बोलावलं. लग्नानंतर मी त्यांच्याशी त्या आवाजात कधी बोलले नव्हते.

"त्याला मारतायत. तुमाला ठाव हाय कुणी नेली ती."

"गप रव."

"मी गप राहीन. पन तो मेला तर?"

"दादाला पोलिसांच्या हाती देऊ काय गं? सांग ना. देऊ?"

माजघराला लागूनच गोठा. मधे कुडाची भिंत. दीर पलीकडे बैलांपाशीच बसलेले होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार, कारण पुढच्या क्षणी गोठ्याचं फाटक वाजलं आणि ते अंगणात आले. त्यांनी पाटलांच्या हातातली काठी धरली.

"त्याला सोडा. गाडी मी नेलीय."

पाटील म्हणाले, "तू? भावाची गाडी चोरलीस?"

"चोरली नाय. बाजूला केली."

पळसदरीच्या ओढ्याच्या अंगाला, सागाच्या झाडीत गाडी सापडली. वर फांद्या टाकून झाकलेली. टायर जागच्या जागी, काचेला ओरखडासुद्धा नव्हता. ती तिथंच गंजावी एवढंच त्यांना हवं होतं. ह्यांनी तिथं बॅटरी बसवली, मी दिलेला रोटर बसवला आणि गाडी घरी आणली. दीर त्यांच्या शेजारी बसले नाहीत, चालत आले. ह्यांनी तक्रार नको म्हणून सांगितलं, आणि घरातली बाब म्हणून पाटलांनीही ती सोडून दिली.

कोळसेवाला मात्र घरातला नव्हता. त्याचा हात कोपरापाशी सुजला होता. दिरांनी त्याच्यासमोर हात जोडले. तो त्यांच्याकडे बघतच राहिला. जाऊबाईंनी हळद गरम करून आणली, पण ती लावायच्या आत तो उठला, कांबळं उचललं आणि चालू लागला. पुन्हा तो आमच्या दारी आला नाही. पुढच्या थंडीत डोंगरावर भट्टीचा धूर दिसला नाही, तेव्हा मी चौकशी केली. वाडीतले म्हणाले, तो बायकोपोरं घेऊन घाटावर गेला. हाताचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही.

लॉरीच्या चोरीची भीती आमच्या घरातून एकदम गेली. घरच्याच माणसापुढे कुलूप काय कामाचं, म्हणून साखळी परत विहिरीवर गेली. हे दिरांना म्हणाले, "दादा, तू चल माझ्याबरुबर, माल चढवायला मानूस लागतोच." दीर म्हणाले, "बघू." त्यांनी बैल विकले आणि रेल्वेच्या रुळांवर खडी टाकायच्या कामाला लागले. रोज सकाळी पळसदरीपर्यंत पायी जात. त्याच रस्त्यानं ह्यांची गाडी जायची. दीर दिसले की हे गाडी हळू करत. दीर कडेला सरकून वाट देत आणि हातानं पुढे जायची खूण करत. जाऊबाईंनी आणि मी चूल वेगळी केली नाही. जेवायला दोघे भाऊ शेजारी बसत, ताटाकडे बघून जेवत, आणि आम्ही दोघी वाढत असू.