चुलीचा धूर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, पोटच्या लेकीलाही नाही. तुम्हाला सांगते.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. खामगावातल्या एका जिनात मी आणि चंद्रभागा शेजारी उभ्या राहून सरकी काढायच्या यंत्रात कापूस घालायचो. दुपारी एकाच फडक्यातली भाकर, मिरचीचा ठेचा. भुवया, पापण्या पांढऱ्याफेक व्हायच्या. "काय वं म्हातारे!" म्हणून एकमेकींना चिडवायचो. किती हसायचो! तसं हसू पुन्हा आलंच नाही मला.

आत कापसाची भुकटी इतकी उडायची, की दारातून आलेलं ऊनही दुधासारखं दिसे. चंद्रभागा खोकायची. आणि एक गोष्ट फक्त माझ्या ध्यानात आली होती — सुट्टीच्या दिवशी तिला बरं वाटायचं, कामावर आली की पुन्हा छाती भरायची. "पट्टा आवळल्यावानी होते वं," म्हणायची.

एकदा बुलढाण्याहून डॉक्टर येणार होते, बायांना तपासायला. आदल्या दिवशी मुकादमानं मला बाजूला घेतलं.

"चंद्रभागा चुलीच्या धुरानं खोकते, असं सांगजो. तुले बाहेर आंगनात काम देतो. मोकळ्या हवेत."

मी हो म्हटलं? नाही. गप्प राहिले. त्याला तेवढं पुरलं.

डॉक्टरांनी विचारलं, खोकला कधी वाढतो? खोकल्यामुळं चंद्रभागेला धड बोलताच येईना. तिनं माझ्याकडे बोट केलं. "हिले इचारा. हिले माह्यं सारं मालूम हाय."

आणि मी म्हटलं, "चुलीचा धूर हाय, साहेब."

तिनं होकारार्थी मान डोलावली. मी म्हणते म्हणजे खरंच असेल — असंच वाटलं असेल ना तिला?

मी अंगणात गेले. "बरं झालं माय, तुले तरी हवा भेटली," ती म्हणाली. माझा श्वास आजही साफ आहे.

ती आणखी दोन हंगाम आतच राहिली. मग माहेरी सोनाळ्याला गेली, तिथंच वारली. मी भेटायला गेले, तर तिच्या आईनं घरातली चूल फोडून टाकली होती.

"लहानपणापासून ह्या चुलीपाशी बसवली वं तिले. मीच मारलं माह्या पोरीले."

तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? त्या माउलीला तरी?

मी तिचा हात धरला. "नशीब असते, मावशी," म्हटलं. अंगणात तीन दगडांवर तिनं केलेला चहा प्याले, आणि चारच्या एसटीनं परत आले.