धुतलेले बूट

आमच्या घरात पायताण उंबऱ्याच्या आत येत नाही. हा नियम सासूबाईंनी घालून दिलेला नाही, माझाच आहे. मी शाळेत चौथीचा वर्ग घ्यायचे आणि पन्नास पोरांच्या पायांबरोबर वर्गात काय काय येतं ते मला रोज दिसायचं. बडोद्यात गोत्रीला सोसायटीत घर घेतलं तेव्हा गॅसची शेगडी यायच्या आधी मी दाराबाहेर चपलांचं कपाट करून घेतलं. केबलवाला असो नाहीतर माझा सख्खा भाऊ, "बूट बाहेर" हे मी "या, बसा"च्या आधी म्हणते. लोक मागून हसतात. हसू देत.

अशा घरात जन्माला आलेल्या मुलीने नाच शिकायचा तर निदान अनवाणी शिकावा की नाही?

सगळा दोष केबलचा. ती येईपर्यंत आमच्या टीव्हीवर जे लागायचं तेच सगळ्या बडोद्यात लागायचं. केबल आली आणि सहा वर्षांच्या आमच्या कन्येने कुठल्याशा परदेशी चॅनेलवर पांढऱ्या झग्यातल्या बायका पायाच्या अंगठ्यांवर उभ्या राहिलेल्या पाहिल्या. वरणभाताचा घास तोंडात तसाच राहिला. दुसऱ्या दिवसापासून ही बया घरभर चवड्यांवर. मला वाटलं, चार दिवसांत खूळ उतरेल. चार महिन्यांनी शेजारच्या बेन काळजीने विचारून गेल्या, "बेबीच्या टाचांना काही थयूं छे?"

भरतनाट्यम् शिकवणारे आमच्याकडे हाकेच्या अंतरावर. त्याला बूट लागत नाहीत, म्हणून मी तिला तिकडे घातलं. महिनाभर ती रडत गेली आणि रडत आली. शेवटी ह्यांनीच मार्ग काढला. हे प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, डब्यांच्या लाकूडकामाला पॉलिश करणाऱ्या विभागात. बोलणं कमी, ओळखी फार. त्यांनी बातमी आणली की फत्तेगंजला एक पारशी बाई आपल्या दिवाणखान्यात बॅले शिकवतात.

मॅडम साठीच्या होत्या. तरुणपणी मुंबईला शिकलेल्या, आता गुडघे गेलेले. खुर्चीत बसून, टेपरेकॉर्डर लावून, फूटपट्टीने खुर्चीच्या हातावर ताल धरायच्या. त्यांनी पोरीचं पाऊल हातात घेतलं आणि वांगं निवडावं तसं उलटसुलट करून पाहिलं.

"आ पग सारो छे," त्या म्हणाल्या. "पण दस वरस लागशे, बेन. तमारामां धीरज केटली?"

धीर माझ्यात मुळीच नाही, मी खरं ते सांगितलं.

"तो शीखी जशो," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी टेप लावली.

शिकले खरी. अंबाडा असा घालायला शिकले की गिरकी घेतली तरी एक केस सुटू नये. मॅडमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून वह्या तपासायला शिकले. फक्त बुटांवरून आमचं जुंपलं. बॅलेचे मऊ कापडी बूट घालून तिला घरी सराव करायचा होता, खिडकीच्या गजांना धरून, भर हॉलमध्ये, समोर देवघर! दोन दिवस मायलेकींचा अबोला झाला. मग तह ठरला : घरात चालतील, पण धुतलेले. दर शनिवारी मी ते कापडी बूट साबणाच्या पाण्यात भिजवायची, ब्रशने घासायची आणि गच्चीवर वाळत घालायची. ती घरी असताना सहा वर्षांत एक शनिवार चुकला नाही. तिच्या त्या वाकण्याउठण्याला मी उठाबशा म्हणायची, ती चिडायची आणि आणखी दहा काढायची. मजेचे दिवस होते.

ती दहा वर्षांची झाल्यावर दर मे महिन्यात तीन आठवडे बंगलोरला उन्हाळी शिबिर सुरू झालं. रेल्वेचा पास होताच. थेपले, दशम्या, छुंद्याची बरणी असा सरंजाम घेऊन आम्ही निघायचो. पहिल्या वर्षी तिला सोडून परत येताना मी गुंटकल स्टेशन येईपर्यंत रडले. ती रडली नाही. तिने फाटकातूनच हात हलवला आणि आत पळाली.

ती बाराची झाली त्या वर्षी शिबिराआधी एक पत्र आलं. शिबिराच्या पहिल्याच दिवशी परीक्षा घेतली जाईल, आणि निवडलेल्या मुलींना डोंगरातल्या एका निवासी शाळेत प्रवेश मिळेल. सकाळ-संध्याकाळ नाच, मध्ये शाळा, नाचाच्या शिक्षणाचा खर्च शाळेचा. पोरगी पत्र घेऊन घरभर नाचली.

मी नाही म्हटलं. बारा वर्षांची मुलगी वसतिगृहात? आजारी पडली तर? तिचा अंबाडा कोण घालणार? दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. अखेर हे हळूच म्हणाले, "परीक्षा तर देऊ दे. निवड झाली तर भांडू." मी सगळ्यांसमोर खडसावून सांगितलं, "दे परीक्षा. पण मला हे पटलेलं नाही, लक्षात ठेव." तिने ते बरोबर लक्षात ठेवलं.

परीक्षेत पॉइंट शूज लागणार होते. हे मऊ बुटांसारखे नसतात. त्यांचं टोक लाकडासारखं कडक असतं आणि त्याच्यावर मुली उभ्या राहतात. मॅडमच्या भाचीने लंडनहून एकच जोड आणला होता, गुलाबी सॅटिनचा. हिवाळ्यापासून त्याचा सराव मॅडमच्याच घरी चाले. निघायच्या दोन दिवस आधी लेकीने तो बॅगेत भरायला घरी आणला आणि ती मैत्रिणीकडे गेली.

मी पिशवी उघडली. गुलाबी कसले, टोकं काळी-करडी झालेली. परीक्षेला हे घालून जाणार? तिथली माणसं म्हणतील, हिला आई आहे की नाही! शिवाय बूट घरात आले होते. मी बादली भरली, साबणाची पूड टाकली आणि कापडी बुटांबरोबर तेही भिजत घातले.

अर्ध्या तासाने हात घातला तर टोक भिजलेल्या पापडासारखं हाताला लागलं. पाणी पांढरट झालं होतं. मी साड्यांना खळ घालणारी बाई, मला ते पाणी लगेच ओळखू आलं. ते बूट म्हणजे कापड, कागद आणि खळ, एवढंच होतं! मी बादलीसमोर तशीच बसून राहिले आणि तेवढ्यात ती आली.

रडली नाही. आधी बादलीत पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू मुद्दाम केलंस ने, आई?"

मी तापट आहे, एका वाक्याला चार ऐकवणारी. पण मी ओले हात पदराला पुसेपर्यंत ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी स्वतःलाही विचारलं, खरंच, केलंस का मुद्दाम? तिने जाऊ नये असं मला वाटत होतं, हे काही खोटं नव्हतं. पण बादली भरताना माझ्या मनात फक्त मळ होता, देवाशपथ. हे तिला कसं पटवणार? तोंडाने सांगून पटण्यासारखं नव्हतं. याच बुटांवर तिला परीक्षेला उभी करायची, दुसरा उपाय नव्हता.

मॅडमना फोन लावला. सगळं ऐकून त्या हसायला लागल्या आणि खोकला लागेपर्यंत हसल्या. "बेन, चाळीस वरसमां पॉइंट शूज धोनार तमे पहेलां!" मग गंभीर होऊन म्हणाल्या, आकार धरून वाळवा, आणि टोकाला आतून चपडा लावा. मुंबईला त्यांचे बूट मऊ पडले की फर्निचरवाल्याकडून तो आणून लावत.

हे नुकतेच कामावरून आले होते आणि दाराबाहेर बुटांच्या नाड्या सोडत होते. मी फोनवर हात ठेवून ओरडले, "अहो, चपडा कुठे मिळतो?"

ते वाकलेले तसेच वर बघायला लागले. "अगं, मी वीस वर्षं दुसरं काय करतोय?"

चपडा म्हणजे लाखेचे पापुद्रे. स्पिरिटमध्ये विरघळवायचे आणि लाकडावर हात मारायचे. आमच्या माळ्यावर त्याचा डबा होता आणि मला पत्ता नव्हता! ह्यांनी पुन्हा बूट चढवले, सुताराकडे जाऊन लाकडाचे दोन तुकडे आणले आणि रंध्याने तासायला बसले. मापासाठी पोरीला बाहेर बोलावलं. ती आली, पाय पुढे केला आणि भिंतीकडे बघत राहिली. मी मैद्याची खळ शिजवली, जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडल्या आणि बुटाच्या आत एकावर एक चिकटवल्या. त्यात ते लाकडी ठोकळे ठोकून बसवले. दुसऱ्या दिवशी सकाळी जोड गच्चीवर ठेवला. बडोद्याच्या उन्हाला मी जन्मभर शिव्या घातल्या आहेत, त्या दिवशी हात जोडले. दुपारपर्यंत बूट खडखडीत वाळले. मग ह्यांनी ठोकळे काढून आतून चपड्याचे तीन हात दिले, एक वाळला की दुसरा. घरभर स्पिरिटचा वास सुटला.

संध्याकाळी लेकीने येऊन टोकावर नख मारलं. टक.

"वाजतंय," ती म्हणाली. कालपासूनचा तिचा पहिला शब्द.

थोड्या वेळाने रिक्षा थांबली आणि मॅडम आल्या, त्या गुडघ्यांनी, आमचा जिना चढून. तशाच बुटांनिशी आत शिरल्या आणि सरळ हॉलमध्ये खुर्चीत बसल्या. मी "बूट बाहेर" म्हटलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी जोड दाबून, वाकवून पाहिला, पोरीला घालायला लावला, गजांना धरून उभी केली. ती वर गेली. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा ती वरच होती.

"पांच मिनिट चालशे," मॅडम म्हणाल्या. "पछी उतारी नाखजे, दीकरी." म्हणजे त्यानंतर लगेच काढून टाकायचे.

बंगलोरला परीक्षा बंद दाराआड झाली. आम्ही आईबाप बाहेर बाकांवर ओळीने. आधी मऊ बुटांचा नाच, म्हणजे आवाजच नाही. मग पॉइंटच्या पाळ्या सुरू झाल्या, त्यांचाही जेमतेम. आणि मग आतून आलं, टक टक टक टक! कुणी खिळे ठोकतंय की काय म्हणून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हे खाली मान घालून बसले आणि मला म्हणाले, "एक हात जास्त झाला." तेवढ्यात आत मोठ्याने हसण्याचा आवाज आला आणि मी बाकावरून उठून दाराशी गेले.

पोरगी लालबुंद होऊन बाहेर आली. अंगाला आमच्या वर्कशॉपचा वास.

"त्यांनी विचारलं, हा वास कसला? मी सांगितलं, आईने धुतले, मग पप्पांनी पॉलिश मारलं."

"मग?"

"मग हसले. मग म्हणाले, पुन्हा करून दाखव."

संध्याकाळी यादी लागली. सात मुली, तिचं नाव शेवटचं, पण होतं. तिने ह्यांच्या गळ्यात उडी मारली. आणि मला आनंद झाला. माझं मलाच नवल वाटलं, पण इतका झाला की मी अनोळखी बाईला मिठी मारली आणि चांगल्या पातळाला नाक पुसलं. भांडायचं ठरलं होतं ते राहूनच गेलं.

जूनमध्ये तिला शाळेत सोडायला गेलो. धुकं, निलगिरीची झाडं, वीस खाटांची लांब खोली. शाळेने नवा जोड दिला होता. मी ट्रंक लावायला घेतली, तशी तिने तो जोड उचलून उशीखाली सारला. "ह्याला हात लावू नकोस हां." हसतच म्हणाली, पण उशीवरचा हात काही काढला नाही. तो हात मला परतीच्या सगळ्या प्रवासात दिसत राहिला. मी मुद्दामच केलं, असं तिला अजूनही वाटत असेल का? रविवारी वसतिगृहाच्या फोनवर मिनिटं मोजून बोलायला मिळायचं. जेवलीस का, खोकला गेला का, अंबाडा कोण घालतं, सगळं विचारायची. तेवढं एक विचारायचं धाडस झालं नाही.

दिवाळीच्या आधी एक पार्सल आलं. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला बुटांचा जोड. तोच, उशीखालचा. टोकांचं सॅटिन फाटलेलं, तळ मोडलेला, इतका कळकट की चिमटीत धरावा. सोबत वहीच्या पानावर तिचं तिरपं अक्षर :

"आई, हे संपले. इथे फेकून देतात. मी तुझ्यासाठी ठेवले. आता धू. मुद्दाम."

मी बादली भरली. साबणाची पूड टाकली, थोडा रिठाही टाकला, दाराची कडी लावली आणि मनसोक्त धुतले. टोकं पाण्यात मऊ पडली, पांढरी खळ सुटली. मी हसत होते आणि डोळ्यांतलं पाणी बादलीत पडत होतं. मग दोन दिवस गच्चीवर वाळवले आणि हॉलमधल्या काचेच्या कपाटात, चांगल्या कपबश्यांच्या शेजारी ठेवले.

संध्याकाळी हे आले. बूट बाहेर काढले, आत आले, कपाटासमोर थांबले आणि माझ्याकडे वळले.

"अगं, बूट? घरात?"

"धुतलेत," मी म्हटलं.