तीनशे नव्वदची मुंबई

आधीच सांगते, माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढं वडिलांच्या मेंढरांमागं गेले, म्हणून जेवढं आलं तेवढंच राहिलं. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती लागलंच तर चुका पोटात घालाव्यात. हसायचं असेल तर अक्षराला हसावं, मला नको. मला हसून झालेलं आहे.

माझं माहेर डाळज, दिलं लासुर्ण्याच्या शिवारात. आमची वस्ती उसात. दोघं भाऊ, चुली दोन, पण अंगण एक आणि विहीर एक. विहिरीवरची मोटार थोरल्या दिरांच्या नावावर होती. आमच्या दोन एकराला पाणी कधी मिळायचं ते त्यांच्या घरातून ठरायचं, आणि त्यांच्या घरातलं सगळं ठरायचं माझ्या थोरल्या जावेच्या तोंडून. मी त्यांना आक्का म्हणते. आक्का वाईट नव्हत्या. पण दिलेलं त्या कधी विसरत नसत, आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसत.

नव्वद सालानंतरची गोष्ट. गावातल्या दूध संस्थेनं सभासदांची मुंबईची सहल काढली. तीन दिवस, माणशी साडेतीनशे रुपये. आमच्या घरात तेवढे पैसे नव्हते आणि मला जायचंही नव्हतं. मी विहिरीवर धुणं धूत होते, तेव्हा आक्का चार बायकांदेखत म्हणाल्या, "हिला नेती मी. हिचं तिकीट माझ्याकडं. समुद्र दावती हिला."

बायका म्हणाल्या, "बया, नशीब काढलंस की गं!"

मी म्हणाले, "आक्का, माझी पोरगी लहान हाय."

"पोरगी ऱ्हाईल आजीपाशी. माझ्या बाळाला कोण घेणार? मला गाडी लागती, ठावं न्हाय व्हय तुला?"

तेव्हा कळलं की मी समुद्र बघायला नाही, बाळाला घ्यायला चालले आहे. पण तसं म्हणायला तोंड लागतं. ते मला नव्हतं. घरी मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "जा की. न्हाय म्हणलं तर वाईट वाटंल त्यास्नी. पुढच्या आठवड्यात आपली पाण्याची पाळी हाय." तिथंच विषय संपला.

गाडीत आक्का खिडकीशी बसल्या, हातात लिंबू. मला मधली जागा. मांडीवर बाळ, पायाखाली भाकरीची पिशवी, दुसऱ्या बाजूला संस्थेच्या चेअरमनची सासू, ती भिगवणपासूनच माझ्या खांद्यावर झोपली. पाय सरळ करायला मिळाला नाही. आक्कांना उलटी झाली की पिशवी मी धरायची, बाळ रडलं की उभं राहून डोलवायचं. घाटात सगळे "बघा, बघा" म्हणत होते. मला पुढच्या सीटची पाठ दिसत होती.

मुंबईत एका धर्मशाळेच्या मोठ्या खोलीत सगळ्यांचं सामान ठेवलं. पहिल्या दिवशी मंडळी देवदर्शनाला आणि बाजाराला गेली. आक्का म्हणाल्या, "बाळाला ऊन लागंल, तू ऱ्हा हितंच. सामानाकडं बी कुणी पायजे." आणि जाताना बाहेरून कडी घातली. म्हणाल्या, "मुंबईत चोर लई असत्यात." मी आत आहे तर चोर कसा येईल, आणि आलाच तर मी बाहेर कशी पडेन, हे विचारायचं राहून गेलं. त्या खोलीला एक खिडकी होती. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत, भिंतीला पाण्याचा पाइप, पाइपावर कबुतर. दिवसभर मी ते कबुतर बघितलं. आमच्या वस्तीवर दाराला कडी फक्त कुत्रं आत येऊ नये म्हणून घालतात. माणसाला कोंडून घालतात हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. आणि गंमत अशी की मी बाळाला खेळवत, गाणं म्हणत, त्यातही कामच करत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समुद्रावर नेलं. डाळजला आमच्या घरामागं उजनीचं पाणी आहे. लहानपणापासून ते बघितलेलं, म्हणून समुद्र म्हणजे तसंच, जरा मोठं, असं माझ्या मनात होतं. वाळूत उतरल्यावर सगळ्यांनी माझ्याजवळ चपला काढल्या, पिशव्या ठेवल्या, कुणी घड्याळ दिलं, कुणी टोपी दिली. बाळ माझ्या मांडीवर झोपलं. "बस हितंच, हालू नगंस," असं म्हणून आक्का पाण्याकडं गेल्या. लुगडं घोट्याच्या वर धरून, दिरांच्या मागं लपत, किंचाळत त्या लाटेत उभ्या राहिल्या. त्यांना तसं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. ते बघायला बरं वाटलं, हे खोटं का सांगू?

मी पाण्यापासून चांगली लांब बसले होते. थोड्या वेळानं बघते तर पाणी जवळ आलेलं. मला वाटलं, मीच नीट बघितलं नसेल. पुन्हा बघितलं, तर आणखी जवळ. माझ्या मनात आलं ते एकच, की पाणी सुटलं. आमच्याकडं कालव्याला पाणी सुटलं की असंच पाटानं सरकत येतं, कोरडी माती भिजवत. आणि पाणी सोडलं म्हणजे सोडणारा पाटकरी कुठंतरी असणारच. मी खरंच इकडं तिकडं बघितलं, कोण सोडतंय ते. उजनीचं पाणी उन्हाळ्यात मागं जातं आणि पावसाळ्यात पुढं येतं, पण त्याला महिने लागतात. एका संध्याकाळी पाणी आपल्या पायाशी येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

उठावं तर मांडीवर बाळ. हाक मारावी तर आजूबाजूला परकी माणसं, आणि दीर तिकडं. त्यांच्यासमोर मी कधी आवाज काढला नव्हता. शेवटी पदरानं बाळाला छातीशी बांधलं आणि एक एक पिशवी ओढत मागं नेली. मग चपला. ओंजळी भरभरून नेल्या. शेवटच्या खेपेला पाणी आलं आणि आक्कांची एक चप्पल घेऊन गेलं. मी दोन पावलं पाण्यात गेले. पायाखालची वाळू निसटली तशी घाबरून परत फिरले. समुद्राला माझा पाय लागला तो तेवढाच.

आक्का आल्या. एकच चप्पल बघून म्हणाल्या, "दुसरी कुठाय?"

मी पाण्याकडं बोट केलं.

"समुद्र दावाय आणली, तर हिनं समुद्रालाच चप्पल घातली!" सगळे खदखदून हसले. चेअरमनची सासू तर डोळं पुसायला लागली. आक्कांनी तिथंच एका गाड्यावरून चाळीस रुपयांच्या नव्या चपला घेतल्या, आणि पायात घालता घालता मला म्हणाल्या, "तिकीट साडेतीनशे, ह्या चाळीस. तीनशे नव्वदला पडली बग तुझी मुंबई."

तिसऱ्या दिवशी मंडळी नावेत बसून लेणी बघायला गेली. नावेचं तिकीट माझ्यासाठी वेगळं कशाला काढायचं म्हणून मी बाळाला घेऊन धक्क्यावर बसले. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. बसले होते.

खरं कोंडणं गावी आल्यावर सुरू झालं. आक्कांनी ती गोष्ट घरोघरी सांगितली आणि सगळीकडं शेवट एकच, "तीनशे नव्वद घातलं हिच्यावर." आणि मग हाक यायची. "आगं, गहू निवडायचं हायती, ये की." "पाव्हणं आल्यात, भांडी पडल्यात." "गोठा लोटायचा ऱ्हायलाय." मी जरा थांबले तर, "मुंबईला जाताना बरी पटकन उठलीस!" आमच्याकडच्या बायका टेम्पोत बसून द्राक्षबागांत विरळणीला जायच्या, रोजगार मिळायचा. मला जायचं होतं. नेमक्या टेम्पो यायच्या वेळी आक्कांची हाक यायची. म्हणजे फेडायला पैसे मिळवावेत, तर ज्यांचं फेडायचं त्याच जाऊ देईनात. भाऊबीजेला माहेरी दोन दिवस जायचे ते एका दिवसावर आले, मग सकाळी जाऊन संध्याकाळी परत. कडी बाहेरून नव्हती, एवढाच फरक.

मालकांना एकदा म्हणाले, "आपण ते पैसे देऊन टाकू या."

ते म्हणाले, "घरातल्या घरात कशाला वाढवतीस? मोटार कुणाची हाय?"

मला वाकळ चांगली शिवता येते. माझी आई घोंगड्यांचे तुकडेसुद्धा असे जोडायची की सांधा दिसायचा नाही. आक्कांच्या बाळाला पायावर घेऊन, त्यांच्याच ओसरीवर बसून मी वाकळा शिवायला लागले. बायका जुनी लुगडी आणून द्यायच्या, एका वाकळेचे तीस रुपये. आक्कांना वाटायचं मी बाळ सांभाळते. सांभाळतच होते. पैसे मी डाळजला भावाकडं ठेवायला दिले. पहिल्यांदा जमले ते माझ्या मुलीच्या टायफॉइडला गेले. दुसऱ्यांदा पुरे झाले तेव्हा ते घेऊन आक्कांपुढं उभी राहिले.

"आक्का, हे मुंबईचं."

त्यांच्याकडं बारामतीच्या पाहुण्या बसल्या होत्या. आक्का मोठ्यानं हसल्या. "बगा! भैनीवानी नेली, तर पैसं द्याया आली! घरातल्या घरात कसलं गं देणंघेणं? ठिव तुलाच, बांगड्या भर." पाहुण्या म्हणाल्या, "मन मोठं हाय बाई तुमचं." मी नोटा मुठीत घेऊन परत आले. दुपारी हाक आली, "आगं, पाव्हण्यांची ताटं घासायची हायती."

पैसे नसताना वाटायचं, पैसे आले की सुटू. आता पैसे होते आणि घेणारच कुणी नव्हतं. त्यानंतर दोनदा मी विषय काढला. दोन्ही वेळा त्यांनी हसून उडवला. मी चिडले नाही, मला चिडता येत नाही. फक्त त्या रात्री झोप आली नाही आणि दुसऱ्या दिवशी वाकळेचा टाका वाकडा पडला. त्या नोटांना मी कुठल्याच खर्चाला हात लावला नाही. मुलीच्या फीला उसनं घेतलं, पण त्या मोडल्या नाहीत.

दहा वर्षं सरत आली तेव्हा आक्कांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. पोरगी गुणाची, माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिच्यासाठी मी आधीच एक वाकळ शिवून ठेवली होती, हिरव्या काठांची. ती हळदीच्या आदल्या दिवशी तिच्या हातात दिली. ती गळ्यात पडून रडली. तिचा आहेर तो झाला.

लग्नाच्या दिवशी मांडवात आहेर सुरू झाले. आमच्याकडं एक गुरुजी माइकवर बसतात. आहेर देणाऱ्याचं नातं आणि रक्कम पुकारतात, पलीकडच्या उसापर्यंत ऐकू जातं. रक्कम एकशे एक, दोनशे एक, पाचशे एक. वरचा रुपया लागतोच. त्या रुपयाचा अर्थ असा की देणंघेणं इथं संपत नाही, उद्या तुमच्या दारी आम्ही, आमच्या दारी तुम्ही.

मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली. गुरुजींनी नोटा मोजल्या आणि चष्म्यावरून बघितलं.

"तीनशे नव्वद? वहिनी, चुकून आलं वाटतं. चारशे एक करू का?"

मी मान हलवली.

"बरं, वर एक रुपाया तरी लावा. मोडका आहेर देऊ नये. नसला सुट्टा तर मी घालतो." त्यांनी खिशात हात घातला.

"न्हाय गुरुजी," मी म्हणाले. "रुपाया नगं. हाय तेवढंच वाचा."

माइक चालू होता. माझा आवाज मांडवभर गेला. माझा आवाज एवढा मोठा असतो हे मलाच माहीत नव्हतं. मालक मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते, त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग खाली बघितलं. गुरुजींनी पुकारलं, "नवरीच्या चुलतीकडून, तीनशे नव्वद रुपये."

बायकांत कुजबूज झाली. आकडा सगळ्यांच्या ओळखीचा होता, आक्कांनीच तो घरोघरी पोचवला होता. चेअरमनची सासू आता थकली होती, कमी ऐकू येत होतं, तरी आकडा तिला बरोबर ऐकू आला आणि ती मोठ्यानं म्हणाली, "हिनं तर चपलंसकट मुंबई फेडली की गं!" आणि ह्या वेळी बायका हसल्या त्या माझ्याकडं बघून नाही.

आक्का नव्या शालूत तरातरा आल्या. माझ्या कानाशी म्हणाल्या, "हे काय मांडलंस चार लोकांत? परत घे."

"मांडवातला आहेर परत घेत न्हाईत, आक्का. नवरीला चांगलं नसतंय."

त्यांचं तोंड लाल झालं होतं, पण डोळ्यांत राग होता की दुसरं काही, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मग त्यांनी गुरुजींपुढचं ताट ओढून घेतलं, माझ्या नोटा वेगळ्या काढल्या आणि तिथंच उभ्या राहून मोजल्या. एकदा मोजून पुन्हा मोजल्या. बरोबर भरल्या. घडी घालून त्यांनी त्या कमरेच्या पिशवीत ठेवल्या आणि पिशवीची नाडी ओढली.